चोविसावा माग

त्या रांगेत माग होते चोवीस. तेवीस चालू, एक बंद. माणसं अठ्ठावीस, सगळी बोलत होती, आणि कुणाचंच कुणाला ऐकू येत नव्हतं. १९३२ साली सोलापूरच्या गिरणीत बोलणं असंच चाले... आवाजावाचून, नुसत्या ओठांनी.

आडव्या सुताच्या कांड्यांची टोपली घेऊन आलेल्या फुलाला बंद मागापाशी नवा माणूस दिसला. सांगोल्याकडचा धुळा, घोंगड्या विणणारा धनगर. चौदाव्या वर्षी तापात त्याचे कान गेले, यंदाच्या दुष्काळात मेंढरं.

जेवणाच्या सुट्टीत माग थांबले, तेव्हा रांगेचा मुकादम, जॉबर ज्ञानबाचं बोलणं सगळ्यांना ऐकू आलं. "सूत तुटलं की मागाचा आवाज बदलतो. बहिऱ्याला कुटनं कळायचं? आज दुपारपास्नं सांजंपर्यंत अठरा वार इणलं, तर माग त्याचा. न्हाय तर गावाकडं."

अंगणात लिंबाखाली बायका जेवायला बसल्या. गुपित असलं की त्या शांततेतही ओठांनीच बोलत. फुलानं समोरच्या केराबाईला तसंच सांगितलं, 'दिसायला बरा हाय की. ऐकू येत असतं तर इचारलं असतं.'

पलीकडून धुळा मोठ्यानं म्हणाला, "काय इचारलं असतं?"

सारं अंगण वळलं. केराबाईला ठसका लागला.

'हळू की!' फुलाचे नुसते ओठ हलले. 'समदी ऐकत्यात.'

आता त्यानंही आवाज काढला नाही. 'मग असं बोलू?'

'तुमाला... समदं कळतं?'

'तोंडात भाकरी असली की निम्मं.'

तिनं घास गिळला. 'आनि सूत तुटल्यालं?'

'मागावर हात ठिवला की कळतं. पर काय इचारणार व्हता?'

'आदी अठरा वार होऊ द्या.'

दुपारी फुला कांड्या घेऊन गेली, तेव्हा तो हसून तिच्या ओठांकडे बघत राहिला. मागावरचा हात सुटला... सूत तुटलं, आणि वीतभर कापड खराब झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं. ज्ञानबानं लांबून मान हलवली.

त्यानंतर ती प्रत्येक खेपेला तोंड फिरवूनच टोपली ठेवी. तिसऱ्या खेपेला त्यानं मुद्दाम टोपली पायानं अडवली. ती वळली नाही. पाठीमागं हात नेऊन तिनं बोटानं मागाकडे दाखवलं, आणि तशीच निघून गेली.

संध्याकाळी भोंगा झाला. माग एकेक करून थांबले, चोविसावा चालूच होता. फुला त्याच्या समोर जाऊन उभी राहिली.

'सुटी झाली.'

त्यानं माग थांबवला. 'दुपारभर तोंड का फिरवलं? राग आला व्हता?'

'बघितलं असतं तर अजून सूत तुटलं असतं.'

ज्ञानबा गज घेऊन आला. खराब तुकडा बाजूला टाकून त्यानं मोजायला सुरुवात केली. धुळाची नजर गजावर होती. फुलानं त्याची बाही ओढली.

'लगीन झालंया का तुमचं?'

'हेच इचारायचं व्हतं?'

'हेच.'

'न्हाय,' तो म्हणाला, आणि या वेळी पुन्हा आवाज फुटला. "न्हाय झालं! करशील का?"

घरी निघालेल्यांचे पाय थबकले. फुलाच्या कानापर्यंत लाली चढली. पण तिनं ओठ हलवले नाहीत, मोठ्यानंच म्हणाली, "व्हय."

ज्ञानबानं कापड दुसऱ्यांदा मोजलं. सव्वाअठरा वार.