डाव्या बाजूला रंगूबाई

शहाण्णव सालची गोष्ट. कोपरखैरण्याची सत्यभामा मार्केटातल्या कांदे निवडायच्या कामावर खाडा करून वाशीच्या एका दवाखान्यात गेली. वर्षभरात तिला डावीकडचं दिसेनासं झालं होतं. काचबिंदू असावा, वेळेत औषध सुरू झालं तर उरलेली नजर वाचेल, असं डॉक्टर म्हणाले. पण आधी मशीनवरची तपासणी हवी होती.

मशीन एका काळोख्या खोलीत होतं. डोकं आत जाईल एवढं मोठं, पांढरं भांडंच ते. हनुवटी टेकवायची, मधल्या दिव्यावरची नजर हलवायची नाही आणि आजूबाजूला ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. खोलीला स्पिरिटचा वास होता. पंखाही बंद होता.

आता आपल्या बायकांचे दिवा दिसला की हात जुळतातच, मान लवते. सत्यभामेचीही लवली आणि मशीन चालवणारी वैशाली तडकली. मागे एक रंगूबाई यायची, तिचंही हेच, म्हणाली. तीनदा परत पाठवलं, शेवटी पेशंट सहकार्य करत नाही म्हणून लिहून टाकलं.

सत्यभामेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रंगूबाई तिची शेजारीण. तुर्भ्याच्या नाक्यावर डावीकडून आलेला ट्रक तिला दिसलाच नव्हता, जागीच गेली. हा दिवा देवाचा नाही, हात जोडू नका, एवढं नीट सांगायला काय जीभ झिजली असती?

पण स्वतःची नजर वाचवायची होती. दातओठ खात तिनं पुन्हा हनुवटी टेकवली. ठिपके चमकत गेले, ती दाबत गेली. मग डावीकडे, खाली, एक ठिपका आला तो विझेचना. त्याला वाऱ्यापासून जपत कुणाचा तरी हात होता... मनगटावर तुळस गोंदलेला. तिनं बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

"मावशी, उगाच दाबू नका. तिकडे लाइट आलाच नाही."

"तिकडचं मला कायबी दिसत न्हाई, बाई," सत्यभामा हळूच म्हणाली. "पर तितंच रंगूबाई उभी हाय..."

वैशालीनं मशीन बंद केलं. नाटकं पुरे, घरी जा, म्हणाली. सत्यभामा हलली नाही. रंगूबाई गेली परत, मी जायची नाही, असं तिनं बजावलं. पटत नसेल तर तूच बघ म्हणाली.

तिला खोटं पाडायला वैशालीनं बंद मशीनमध्ये हनुवटी टेकवली. बटण सहज हातात धरलं होतं.

टिक.

थोड्या वेळानं पुन्हा टिक. मग थांबेचना. दाबून दाबून तिचा अंगठा पांढरा पडला.

"दिसली?"

"मावशी..." वैशालीचा आवाज भांड्यातच घुमला. "एकटी नाहीये ती. मी परत पाठवलेल्या सगळ्या रांगेत उभ्या आहेत... आमचा नंबर कधी, विचारतायत."

बाहेरचं बाकडं सकाळपासून रिकामं होतं.

"आदी माजं पुरं कर," सत्यभामा म्हणाली. "मग एकेकीला घे."