बिनइथेनॉलचं पेट्रोल

सलग बारा तास जनावरांच्या दवाखान्यात राबून ती पेट्रोल पंपावर पोचली आणि एरवी दारातच उभ्या असणाऱ्या, वडिलांच्या जुन्या गाडीनं तिथेच मान टाकली. स्टार्टर नुसता फिरत होता, इंजिन सुरू होत नव्हतं. तिनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. रडायचंही त्राण नव्हतं.

"बॉनेट उघडता का जरा?"

शेजारच्या गॅरेजचा मेकॅनिक. हात कोपरापर्यंत काळे, पण आवाज... निजलेल्या बाळाजवळ बोलावं तसा.

त्यानं पेट्रोलची नळी काढून दाखवली. फुगून मऊ पडलेली. "इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल घालता?"

"मिळेल ते घालते."

"जुनी गाडी आहे. इथेनॉल हिचं रबर खातं. त्यात ही बहुधा नुसती उभीच असते... मग इथेनॉल हवेतली ओल ओढून टाकीत पाणी धरतं. बिनइथेनॉलचं घाला, शहराबाहेरच्या पंपावर मिळतं."

"शहराबाहेर?" ती कसंनुसं हसली. "मला घर गाठताना नाकी नऊ येतात."

तो क्षणभर घुटमळला. "मग... मी आणून देतो."

त्यानं नवी नळी बसवली. पुढे दर रविवारी तो कॅन घेऊन दारात हजर. गाडी सुरू करून बघायचा, कान देऊन ऐकायचा. ती पायरीवर बसून राहायची. वडील गेल्यापासून गाडी विकवतही नव्हती, रोज चालववतही नव्हती, हे ती फक्त त्याच्याशी बोलली.

एका रविवारी बोलता बोलता तिचा डोळा लागला. जाग आली, तर ऊन तिच्यावर येऊ नये म्हणून तो समोर उभा... घामानं निथळत.

"हाक मारायची ना!"

"दमलेल्या माणसाला उठवू नये," तो म्हणाला. मग मान खाली घालून, "एक सांगायचंय. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या मिळतात. त्या बसवल्या, गाडी रोज चालवली, की नेहमीचं इथेनॉलवालं पेट्रोलही चालतं."

"हे आज सांगताय?"

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण मग... मी कुठल्या निमित्तानं आलो असतो?"

तिनं रागवायला हवं होतं, पण कितीतरी दिवसांनी अंगातला शीण उतरल्यासारखं वाटत होतं.

"नळ्या बदला," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. "बरं..."

"उद्यापासून गाडी मी रोज चालवणार." ती हळूच हसली. "आणि रविवारी या. रिकाम्या हातानं."