सामान म्हणू नका

पिशवी.

पिशवी घेऊन निघालेला पिशवीवाला संध्याकाळी घरी येतो. भोरच्या एसटी स्टँडासमोर बॅगा दुरुस्त करणारे सोमनाथकाका हे शास्त्र प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. त्यांच्या हाताखाली शिवणाऱ्या लेकीला, शिवानीला, ते पाठ झालं होतं.

स्वरूप पहिल्यांदा दुकानात शिरला तो पिशवी घेऊनच. भाद्रपदातला चिकट पाऊस, पिशवीचा बंद तुटलेला, वांगी रस्ताभर…

"टाका घालता का? आंबवड्याची गाडी सुटंल."

"वांग्यांना, का पिशवीला?"

तो हसला. आणि कितीतरी वर्षांनी शिवानीच्या बोटात सुई घुसली.

बॅग.

बॅगवाला सणाला येतो. दसऱ्यानंतर त्यानं बॅग आणली. चेन लागत नव्हती. चेनचा सरकता रनर सैल झाला की पकडीनं चेपायचा, दोन मिनिटांचं काम. तिनं चेपला. आठ दिवसांनी तीच बॅग, तीच चेन. पुन्हा आठ दिवसांनी —

"तुमच्या हातचं काम टिकतच न्हाई बघा."

"मग जा की दुसरीकडं."

"दुसरीकडं लगेच करून देत्यात."

रनरवर पकडीचे ओरखडे होते. जाड. तिची पकड बारीक दातांची. म्हणजे हा घरी बसून स्वतःच रनर सैल करून… त्या दिवशी दोन मिनिटांच्या कामाला तिनं अर्धा तास लावला.

सामान.

सामानवाला… इथं काका गप्प होत. शिवानीचा भाऊ अमृत पाच वर्षांपूर्वी सामान घेऊन गेला. आता दिवाळीला तेवढा त्याचा फोन येतो.

मार्गशीर्षात स्वरूप चाकांची मोठी बॅग ओढत आला.

"मस्कतला नोकरी लागली. दोन वर्षं. शनिवारी निघायचं."

या वेळी रनर खरंच तुटला होता.

"ह्या मापाचा न्हाई माझ्याकडं," शिवानी म्हणाली. "पुण्यास्नं मागवते. गुरुवारी या."

गुरुवारी तो आला, तर "रनर आला न्हाई." शुक्रवारीही तेच, "आला न्हाई." स्वरूपची नजर तिच्या पाठीमागच्या बरणीवर गेली. रनरांनी गच्च भरलेली. तो नुसताच म्हणाला, "उद्या येतो."

शनिवारी सकाळी ती दुकानात आली तर बॅग दुरुस्त होऊन उभी.

"दोन मिनिटांचं काम, पोरी." काका तिच्याकडं न बघता बोलले. "अमृतची बॅग म्या लपवली हुती. आठ दिवस. तरी गेलाच… रुसून गेला. म्हनून येत न्हाई त्यो."

त्यांनी तांदळाचा डबा तिच्यापुढं सरकवला. दुरुस्त केलेली बॅग या दुकानातून रिकामी जात नसे. मूठभर आंबेमोहोर घालूनच द्यायची. काका उठले, चहाला म्हणून बाहेर गेले.

स्वरूप कपड्यांचं बोचकं घेऊन आला. दोघांनी मिळून बॅग भरली. एकच शर्ट तिनं तीनदा घडी केला.

"बरणी दिसली मला," तो हळूच म्हणाला.

"ओरखडे मलाबी दिसले."



तिनं मूठभर तांदूळ कागदात बांधून बॅगेत ठेवले. त्यानं पुडी पुन्हा सोडली. बोचक्यातून जुनी पिशवी काढली, तिनं बंद शिवलेली. अर्धे तांदूळ तिच्यात ओतून ती शिवानीच्या हातात दिली.

"ही हितं ऱ्हाऊ दे. पिशवीवाला संध्याकाळी येतो म्हनं."

"दोन वर्षांनी?"

"संध्याकाळ लांबली म्हन."

पहिल्यांदाच त्यानं तिला अहो-जाहो केलं नव्हतं. तिनं पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळला. "रुसून जाऊ नकोस," एवढंच म्हणाली.

स्टँडावर कंडक्टर ओरडला, "सामान कुनाचं हे?"

"सामान म्हनू नका!" शिवानी दुकानाच्या दारातनं ओरडली. आवाज फाटला. "बॅग हाय ती."

एसटी वळणावर धुक्यात शिरली.

दिवस कलला. पुण्याहून येणारी गाडी लागली. माणसं उतरली, पिशव्या सावरत आपापल्या वाटेनं गेली. शेवटचा माणूस उतरेपर्यंत शिवानी दारात उभी होती. मग तिनं पिशवी खिळ्याला लावली आणि शटर ओढलं.