कातडीची मागची बाजू

मी समुद्राकाठच्या तारोडीला गेलो ते फक्त आतला कोट मारायला. दुसरं काहीच डोक्यात नव्हतं. डिप्लोमा अर्धवट सोडल्यापासून मी सिल्व्हर पार्क भागातल्या गच्च्यांवर आणि पाण्याच्या टाक्यांत कोटिंगचा फवारा मारतोय. नाथाकाकांनी मात्र मला टाकी नाही, पाणबुडी दिली. घरी बनवलेली. हसू नका. गोदीतून वेल्डर म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला घरात बसवत नाही, भाजी निवडायला लाज वाटते, मग असले उद्योग सुचतात. काका मूळचे रत्नागिरीचे, राहायला खारीत, माझ्या बाबांचे जुने मित्र. तारोडीत गोदूबाईची मासळी ठेवायची शेड भाड्याने घेऊन त्यांनी ती पाणबुडी उभी केली होती. एक मोठं लोखंडी नळकांडं, वर गोल झाकण, पुढे जाड काचेचा डोळा.

रविवारी ती पाण्यात सोडायची होती. नगरसेवक येणार, फोटो निघणार. आत बसणार होता रोहित, काकांचा मुलगा, माझा शाळेपासूनचा दोस्त. काकांचं पोट झाकणातून जेमतेम जायचं. आणि बापाला नाही म्हणायची पद्धत त्या घरात नाही.

आमचं काम तसं सरळ आहे. पत्र्यावर आधी ग्रिट, म्हणजे लोखंडाचे धारदार कण, जोराने मारून तो खरखरीत करायचा, कोरडा ठेवायचा, मग त्याला कोणी बोटसुद्धा लावायचं नाही. दोन रसायनं गरम होऊन फवाऱ्याच्या बंदुकीच्या तोंडाशी भेटतात आणि पत्र्यावर पडतापडता त्यांची रबरासारखी कातडी होते. खाऱ्या पाण्याला ती दाद देत नाही. पण ज्यावर पडेल त्याचा ती साचा घेते. सोलून उलटी केली तर मागच्या बाजूला पत्र्याचा बारीकसा ओरखडाही उमटलेला दिसतो. नीट चिकटली का, ते नाण्याने ठोकून कळतं. भरीव वाजलं तर ठीक. पोकळ वाजलं तर कापा आणि पुन्हा करा.

भर दुपारी आत उतरलो. अंगात पांढरा सूट, तोंडावर बंद मास्क, श्वासाची हवा बाहेरच्या पंपातून नळीने येत होती. झाकणाच्या भोकातून उन्हाचा एक गोल माझ्या पायाशी पडला होता, बाकी अंधार आणि माझा बॅटरीचा दिवा. नळीतूनही सुक्या बोंबलांचा वास येत होता. मास्कमध्ये आपलाच श्वास कानात घुमतो, त्याची सवय असते. मध्येच बंदूक तुंबली. ती साफ करताना माझा श्वास नेहमी रोखला जातो, तसा रोखला गेला.

कानात श्वास चालूच होता.

पंपाचा आवाज असेल म्हटलं आणि काम पुरं केलं.

मग नाणं घेऊन ठोकत निघालो. सगळीकडे भरीव. झाकणाच्या बरोबर खाली, ताटाएवढ्या जागेत मात्र पोकळ. कापलं, सोललं, उजेडात आणून उलटं केलं. मागे हाताचा पंजा होता. डाग नव्हे, साचा. तळहाताच्या रेषा, बोटांची पेरं, अंगठ्यावरची वळणं, सगळं खोल उमटलेलं.

काकांना दाखवलं तर त्यांनी सहज सांगितलं, की मी ग्रिट मारून जेवायला गेलो तेवढ्यात आशाकाकूंनी पूजा केली होती. तेल-हळदीत हात बुडवून बाहेर पंजे उठवले आणि आत एक. माझं डोकंच फिरलं. तेलावर कोट धरत नाही हे शेंबड्या पोराला कळतं, आणि हा माणूस जन्मभर लोखंडात राहिलेला. मी तसं तोंडावर बोललो. ते म्हणाले, "शुभकार्य आहे मेल्या. तुम्हां लोकांना त्यातलं काय कळणार?"

ते 'तुम्हां लोकांना' मी रोहितकडे बघून गिळलं. पण बाहेरच्या पत्र्यावर काकूंचे पंजे होते ते छोटे, नाजूक. माझ्या हातातला साचा माझ्या पंज्यापेक्षाही मोठा होता. आणि तेलाचा ठसा सपाट असतो. हा हात जणू पत्र्यातून बाहेर आला होता आणि मी त्याच्यावर फवारलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती जागा थिनरने पुसली, पुन्हा ग्रिट मारलं, कोणालाही जवळ येऊ दिलं नाही. पुन्हा कोट मारला आणि चहाला टपरीवर गेलो. परत येतो तर गोदूबाई शेडच्या दारात उभी.

"आत कोन हाय रं?" तिने विचारलं.

कोणीच नाही, मी म्हणालो.

"न्हाय कसा? तू गेलास तवापासून ठोकतंय."

आत उतरलो. तीच जागा. नाण्याने हलकेच ठोकलं... पोकळ. आणि माझा हात थांबल्यावर त्या कातडीच्या मागून तसंच, हलकेच, कोणीतरी ठोकलं.

ती कातडी मी हाताने ओढूनच काढली. मागे दोन पंजे. बोटं फाकलेली, नखं रुतलेली. झाकण वर ढकलणाऱ्या माणसाचे.

बाहेर आलो तर काका आणि रोहित समोरच होते. मी एवढंच विचारलं, हे नळकांडं आलं कुठून. काका आधी चिडले, मग गोदीतल्या गोष्टी सांगायला लागले. ही पिढी अडचणीत सापडली की आठवणी काढते. मी सोडलं नाही. तेव्हा कळलं, की ती एका बंद पडलेल्या कारखान्याची सांडपाण्याची टाकी होती. ती साफ करायला एक माणूस उतरवला होता. वास फार येतो म्हणून वरून कोणीतरी झाकण लोटलं. त्याने पुष्कळ ठोकलं म्हणे. शेजारी दुरुस्तीचं काम चालू होतं, तेच ठोकतायत असं सगळ्यांना वाटलं. ज्याच्या मरणाची बातमीसुद्धा होत नाही असा माणूस. असल्या टाकीत कुठल्या वस्तीतला माणूस उतरवतात, ते मला कोणी सांगायला नको.

"धुतलं की लोखंड स्वच्छ," काका म्हणाले. "रविवारी रोहित बसणार."

रोहितचा चेहरा पांढरा पडला होता. तरी त्याने मान डोलावली.

मी म्हणालो, "आधी तुम्ही बसा. आत्ता. उजेड आहे, आम्ही दोघं इथे आहोत. झाकण लावतो."

माझ्यासारख्याने मुलासमोर असं म्हटल्यावर ते मागे हटणार नव्हतेच. पोट आवळत, शिव्या देत आत उतरले. मी रोहितला झाकण लावायला सांगितलं. त्याने लावलं.

थोडा वेळ काही नाही. समुद्राकडून वाऱ्याचा आवाज, पत्र्यावर कावळा. मग आतून ठोकायला लागलं. घाईचं नव्हतं. थकलेलं... फार वेळ ठोकत असल्यासारखं. रोहितने झाकण उपटलं. काका कातडी सोललेल्या त्या उघड्या जागेशी, दोन्ही तळवे पत्र्याला लावून उभे होते. आम्ही दोघांनी त्यांना काखेत धरून ओढलं.

"कशाला ठोकत होता बाबा?" रोहितने विचारलं.

"मी नाही ठोकलं," ते म्हणाले. "मी... हात सोडवत होतो."

रविवार झालाच नाही. नगरसेवकांना तब्येतीचं कारण कळवलं. झाकण कायमचं काढून ठेवलंय, आणि गोदूबाई त्या शेडमध्ये आता मांजरालाही जाऊ देत नाही. रोहित वाचला, एवढंच मला पुरे होतं.

मागच्या आठवड्यात काका हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले. सोबत मी होतो. मशीनने त्यांचा अंगठा घेतला नाही. दुसराही नाही. काउंटरवरच्या बाईंनी काच पुसली, मग त्यांचा हात उलटा करून ट्यूबलाइटखाली धरला. तळव्यावर एकही रेष नव्हती. सगळा तळवा बारीक खरखरीत, ग्रिट मारलेल्या पत्र्यासारखा. "वयाने झिजतात," काका म्हणाले आणि मूठ मिटली.

काल रोहित नाक्यावर भेटला. बरा दिसत होता, नव्या नोकरीबद्दल बोलत होता. बोलताबोलता त्याने मोबाइल काढला, अंगठा लावला. उघडला नाही. शर्टाला पुसून पुन्हा लावला. मग नंबर दाबून उघडला.

मी म्हणालो, हात दाखव.

त्याने हात खिशात घातला.

"रोहित, तू आत गेला होतास?"

"नाही रे," तो म्हणाला. "मी नुसतं झाकण लावलं होतं."