कोळंबीची सालं गेली कुठं?

"कोट्यवधी वर्षं कोळंब्या आणि खेकडे समुद्रात कवचं टाकताहेत. मग समुद्र कवचांनी भरून कसा गेला नाही?" दमयंतीआत्यानं विचारलं.

"समुद्राचं राहू दे आत्या, आपली शेड भरलीय," नीरजा म्हणाली.

खोटं नव्हतं. कोळंबी सोलायच्या शेडमागं सालांचा डोंगर कुजत होता. नीरजाची आय गावातल्या बायकांबरोबर तिथंच कोळंबी सोलायची. गावातल्या बड्या मंडळींनी नाक दाबून ठरवून टाकलं होतं, पौर्णिमेच्या सभेत शेडला टाळं. यांना कोळंबी ताटात हवी आणि सालं दिसायलाही नकोत.

म्हणून तर जिवाणूंवर संशोधन करणारी आत्या सुट्टी काढून आली होती. शेडच्या टाकीत तिनं खाडीचा चिखल सोडला, वर सालं टाकली. चिखलातले जिवाणू ती खातील, असा तिचा अंदाज. पण सालं होती तशीच.

"वन्सं, तुमचे जिवाणू रुसलेत वाटतं," आय म्हणाली.

नीरजा टाकीभोवती फिरली. चिखल सोडायच्या नळीखाली एक फट होती, तिच्यात थोडा चिखल सांडला होता. तिथलं साल तिनं चिमटीत धरलं, तर त्याचा लगदा झाला.

"ढवळ्या, इथं काय केलंस?"

"काही नाही," शेड धुणारा यंत्रमानव म्हणाला. "तिथं माझा ब्रश पोचत नाही."

"आणि टाकीत?"

"पोचतो. रोज दिवेलागणीआधी ब्लिचिंग पावडर टाकून घासतो. मासळी लागलेली जागा धुतल्याशिवाय घरी जायचं नाही."

आत्यानं कपाळाला हात लावला. आय तोंडाला पदर लावून हसायला लागली. "मीच शिकवलं गं त्याला."

टाकी नुसत्या पाण्यानं धुऊन तिच्यात फटीतला चिखल आणि सालं घातली. ढवळ्याला टाकीबंदी झाली.

"पण या जिवाणूंना दात कुठायत?" नीरजानं विचारलं.

"नाहीतच. साल बनतं चुन्याचं आणि कायटिनचं (साखरेच्या कणांची घट्ट साखळी). जिवाणू अंगाबाहेर विकर सोडतो (कात्रीचं काम करणारं प्रथिन). विकर साखळी तोडतं, सुटी साखर जिवाणू शोषून घेतो."

"कात्री दिली कुणी?"

"कुणीच नाही. एका जिवाणूचे दोन होताना जनुकांची (कात्री बनवायच्या सूचनांची) नक्कल होते. नकलेत चुका होतात. बहुतेक फुकट जातात. एखाद्या चुकीनं कात्रीला धार चढते. तो जिवाणू जास्त खातो, त्याचा वंश वाढतो. हे जिवाणू एकमेकांच्या सूचनाही उचलतात. असं युगानुयुगं चाललंय. हीच उत्क्रांती."

"म्हणजे चुकणारे पुढं गेले?"

"काही चुकणारे," आत्या ढवळ्याकडं बघत म्हणाली.

पौर्णिमेला सरपंच टाकीवर वाकले. आत फिकट पाणी होतं, तळाशी चुन्याचा गाळ.

"सालं कुठं नेऊन टाकलीत?"

"खाल्ली," नीरजा म्हणाली.

"कुणी?"

"तुम्हाला दिसत नाहीत त्यांनी. आमच्या आयाही तुम्हाला कुठं दिसत होत्या?"

सभेत कुणी टाळ्याचं नाव काढलं नाही. उलट तशा आणखी टाक्या बांधायचं ठरलं. शेडमध्ये बायकांनी गाणं धरलं आणि कोळंबीची नवी पाटी उघडली.

नीरजा मात्र किनाऱ्यावरच्या प्लास्टिककडं बघत होती. "आत्या, याची कात्रीही कुठल्या फटीत तयार होत असेल?"

"काही सापडल्यात, पण फार हळू कापतात. धारदार शोधायला हवी."

"ढवळ्या," नीरजा म्हणाली, "तुझा ब्रश कुठं कुठं पोचत नाही, ते दाखव."

ढवळ्या खुशीत पुढं चालू लागला.