सातशे ग्रॅमची झोळी

लातूर जिल्हा नवा होऊन वर्ष होत आलं होतं. कचेऱ्यांत शिक्के आले, खुर्च्या आल्या, साहेब आले. पाऊस तेवढा आला नाही. निवृत्तीचं काम विहिरी मोजायचं. उदगीरकडची गावं पायी गाठायची, दोरीला वजन बांधून विहिरीत सोडायचं, पाणी किती खोल ते लिहायचं. दुपारी उन्हात चालवत नसे, म्हणून झाडाखाली आडवं व्हायचं. पण खाली ढेकळं, मुंग्या, विंचू. दुसऱ्यांदा विंचू डसला तेव्हा त्यानं कानाला खडा लावला. आता टांगून झोपायचं. झोळी मात्र हलकी हवी, कारण ओझं वाहायला सरकारनं गाढव दिलं नव्हतं.

चन्नबसप्पांच्या दोरखंडाच्या दुकानात त्यानं तीन झोळ्या बघितल्या. सुतळीची मऊ, पण तीन किलो. नायलॉनची जाळी मुठीत मावणारी, पण दहा मिनिटं पडून उठला तर चन्नबसप्पा हसायलाच लागले.

"साहेब, पाठीवर सोंगट्यांचा पट उमटला की हो!"

तिसरी इरकली लुगड्याच्या दुहेरी कापडाची. तराजूत सातशे ग्रॅम.

"सरळ पडू नगा, तिरकं पडा. पाठ सपाट ऱ्हाती."

निवृत्ती तिरका पडला आणि पाठीनं सुस्कारा सोडला. हीच न्यायची. उतरल्यावर त्यानं खुशीत झोळीला झोका दिला. चन्नबसप्पांनी झटकन दोरी धरली.

"रिकामी हलवू नगा."

"पाळणा थोडाच हाय हा?"

"हलवणाऱ्याच्या मनात काय हाय, त्यावर हाय ते."

निवृत्ती हसला. असले अपशकुन त्याच्या बापानं छप्पन साली धर्मांतर केलं तेव्हाच उंबऱ्याबाहेर ठेवले होते. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. शेजारणी त्याच्या बायकोला, पंचशीलाला, गंडेदोरे सुचवायच्या तेव्हाही तो असाच हसायचा. पण वाटेत कुणाचं लेकरू दिसलं की त्याचे हात रिकामे रिकामे व्हायचे, हेही खरं. झोका देताना त्याच्या मनात लेकराशिवाय दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दोन कडुलिंबांमध्ये झोळी बांधून तो तिरका पडला. डोळा लागतो न लागतो तोच छातीवर ऊब जाणवली. डोळे उघडले, काही नाही. ऊन लागलं असेल, म्हणाला. डोळे मिटले तर पुन्हा ऊब, जरासा भार आणि बारीक श्वास.

खरं तर उडी मारून पळायला हवं होतं. त्यानं हळूच हात वाकवून त्या भाराभोवती धरला. असं झोपणं त्याला जन्मात मिळालं नव्हतं.

चार दिवस तो विहिरी घाईघाईत उरकायचा आणि दुपारची वाट बघायचा. घरी काही बोलला नाही. पंचशीलाला सांगावं तर ती खुळावेल, न सांगावं तर चोरी. तिनं किती रडून काढलं होतं ते त्यालाच ठाऊक. शेवटी रविवारी दुपारी त्यानं झोळी ओसरीच्या दोन खांबांना बांधली.

"पड. तिरकी पड जरा."

"मला काय झालंय दिवसा पडायला?" म्हणत ती पडली. तो पाणी बघायला परसात गेला. परत आला तर पंचशीला कुशीवर वळलेली, एक हात वाकवून धरलेला.

"हळू," ती म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय."

"कुणाचा?"

तिनं त्याच्याकडे बघितलं. डोळे भरलेले.

"इतके दिवस एकटेच घेऊन राहिले व्हय? मला सांगितलं न्हाई?"

निवृत्ती खांबावरची गाठ तपासू लागला.

ती जपून उतरली. चुलीकडे निघाली तेव्हा तिच्या चोळीवर समोर दोन ओले डाग दिसले.

"पाणी सांडलं का?"

"पाणी कुठलं? टँकर येऊन पाच दिवस झाले."

तिनं खाली बघितलं. डागाला बोट लावलं, जिभेवर टेकवलं.

"अगं बाई."

पदर ओढून ती घाईनं परत झोळीत शिरली आणि त्याच्याकडे पाठ केली.

निवृत्ती खांबाला धरून उभा राहिला.

थोड्या वेळानं झोळीतून आवाज येऊ लागला. चुटुचुटु, चुटुचुटु.