पहिल्या तारखेपर्यंत राखून ठेवलेलं घर

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पण आक्काच्या कपाळावरचे सात टाके मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत.

आक्का म्हणजे माझी मावसबहीण. भाड्याची घरं दाखवायचं काम करते. फटकळ बाई, कुणाला भीक न घालणारी. हे घडलं गेल्या मार्चमध्ये, मंगळवारी. भर दुपारी चार वाजता.

त्याच्या आठ दिवस आधी परगावच्या एका शिक्षिकेचा तिला फोन आला होता. आक्काकडचं दुसऱ्या मजल्यावरचं एक रिकामं घर त्या बाईला पहिल्या तारखेपासून हवं होतं. तोवर राखून ठेवा, आणि माझं नाव कुणाला सांगू नका, म्हणाली.

आक्काने खोदून विचारलं नाही. कुलूप घातलं, दारावर ‘राखीव’ अशी चिठ्ठी लावली.

मग सोमवारी खालच्या मजल्यावरच्या पोस्टमास्तरांनी तिला गाठलं. वरचे भाडेकरू फार भांडतात म्हणाले. रोज चारला आदळआपट सुरू होते. बाई रडते.

आक्का हसली. वर कुणीच राहत नाही, म्हणाली.

पोस्टमास्तरांनी वर छताकडे बघितलं.

“मग मारतंय कोण?”

दुसऱ्या दिवशी ती रंगाऱ्याला घेऊन गेली. कुलूप जसंच्या तसं होतं. आत साधी खुर्चीसुद्धा नव्हती. रंगारी स्वयंपाकघरातली भिंत बघायला गेला.

आणि...

धप्प.

आवाज न्हाणीघरातून आला. बंद दाराआडून.

परत... धप्प. डोकं भिंतीवर आपटावं तसा.

मग बाईचा दबलेला आवाज.

“ताई... दार उघडा ना.”

आक्काने आवाज ओळखला. हा आवाज तिने फोनवर ऐकला होता. त्या शिक्षिकेचा.

तिने दार ढकललं.

आत कुणी नव्हतं. फरशी कोरडी ठणठणीत.

ती वळणार, तोच मागून कुणीतरी तिची वेणी धरली. तोंड भिंतीवर आदळलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा टाइल फुटली, कपाळ फुटलं, रक्त डोळ्यांत उतरलं.

रंगारी धावत आला. त्याने जे पाहिलं, ते मला स्वतः सांगितलंय. आक्काच्या मागे कुणीच नव्हतं.

पण तिची वेणी... हवेत ताठ ताणलेली होती.

त्याने तिला कमरेला धरून जिवाच्या आकांताने बाहेर ओढलं. दोघं जिन्यात कोसळली. तिथेच बसून, रक्ताळलेल्या हाताने आक्काने शिक्षिकेला फोन लावला.

तिने लगेच उचलला. मागे वर्गातल्या पोरांचा गलका. बाई धडधाकट होती.

“ताई, मी नक्की येतेय हं. बॅगसुद्धा भरून ठेवलीय.”

या बाईने इथे पाऊल ठेवायचं नाही, हे आक्काने तिथेच ठरवलं. खरं सांगितलं तर वेड्यात काढेल, म्हणून थाप मारली. घर मालकाच्या नातेवाइकाला दिलं, दुसरं शोधून देते, म्हणाली.

शिक्षिका आवाज खाली आणून म्हणाली,

“बरं. मग तोवर इथेच राहते.”

आक्काचा जीव भांड्यात पडला. एक जीव वाचवला, असं तिला वाटलं.

पहिल्या तारखेला दुपारी चारला तिचा फोन आला. लागोपाठ दोनदा. दुसरं घर अजून मिळालं नव्हतं. काय तोंडाने बोलायचं, म्हणून आक्काने उचलला नाही.

तिसऱ्या दिवशी पोलीस आले. शिक्षिकेच्या नवऱ्याला ती भरलेली बॅग सापडली होती. त्याने तिला त्यांच्याच घरात, न्हाणीघरात कोंडून ठार मारलं होतं. डोकं भिंतीवर आपटून. तिच्या मोबाइलवरचे शेवटचे दोन्ही फोन आक्काला होते.

दुसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात आता एक कुटुंब राहतं. मजेत आहे. पोस्टमास्तरांना नंतर कधी साधा खट्ट आवाजही आला नाही.

परवा माझ्याकडे आली होती आक्का. चहा तसाच निवून गेला. मग म्हणाली,

“मला सांग, ती मला घर देऊ नका म्हणत होती... की लवकर द्या म्हणत होती?”

मी तो निवलेला चहा पुन्हा गरम करायला नेला.